अस्वल घेऊन अकोल्याला

कलकत्त्यात मी मेळ्यातल्या खेळांची यंत्रं दुरुस्त करतो. गावी, हिवरखेडला, बाबांना हे काही पटत नाही. त्यांचा निरोप आला: अकोल्याला ताईकडं ये, करतोस काय ते दाखव, नाही पटलं तर मुकाट वावर सांभाळ. मग मालकाकडून पत्र्याचं अस्वल आणि उजेडाची बंदूक मागून घेतली अन् निघालो. बंदुकीचा घोडा दाबला की उजेडाची तिरीप सुटते. ती अस्वलाच्या कुशीतल्या काचेवर पडली की पळतं अस्वल उभं राहून गुरगुरतं.

तिसऱ्या वर्गानं येणार असाल तर हमालाशी आधी गोड बोला, आणि नागपूरला संत्री घ्या. मी बडनेऱ्याला उतरून टांग्यानं अमरावती गाठली, कारण मावशीला टाळून पुढं गेलो असतो तर ती जन्मभर बोलली नसती. तिच्या हातचा झुणका खाऊन अकोल्याची मोटार धरली. कंडक्टरला पोत्यातून नळी दिसली.

"बंदूक हाय का बे? लायसन?"

"उजेडाची हाय," म्हणत मी त्याच्या पोटावर तिरीप मारली.

त्यानं सदरा चाचपला. "मंग चालते. पन अस्वलाचं अर्धं तिकीट लागन!"

सारी मोटार हसली.

ताईच्या अंगणात भर दुपारी बाबांपुढं खेळ मांडला. घोडा दाबायच्या आधीच अस्वल उभं राहिलं, गुरगुरायचं थांबेचना. आम्ही तंबूच्या अंधारात खेळवतो. अकोल्याचं ऊन मी विसरूनच गेलो होतो.

"काहून रे, याले ऊन लागलं का?" बाबा म्हणाले. माझं तोंड उतरलं.

ताई म्हणाली, "माजघरात ने. वाळ्याच्या ताट्या सोडल्या का अंधारच अंधार."

आत गार, वाळ्याच्या वासाचा अंधार. बाबांनी बंदूक घेतली. रानडुकरांपासून पीक राखण्यात उमर गेलेला माणूस, पण नेम चुकला. परत चुकला. मग माझ्या ध्यानात आलं: पळत्या डुकराच्या जरा पुढं नेम धरायची त्यांची सवय.

"बाबा, पुढं नका धरू. गोळीले पोचाले वेळ लागते, उजेडाले नाही."

"म्हंजे जिथं हाय, तिथंच मारू?"

अस्वल उभं राहिलं. बाबा दचकून मागं सरले, मग असे हसले की शेजारची माणसं बघायला आली. संध्याकाळपर्यंत त्यांनी बंदूक कोणाला दिली नाही.

मी निघालो तेव्हा म्हणाले, "वावर मी पायतो. जाय तू. पन पुढल्या खेपेले डुक्कर घेऊन ये."

कलकत्त्यात अस्वलाच्या खोक्याला अजून वाळ्याचा वास येतो. मी पत्रा कापायला घेतलाय. डुकराचे कान काही जमून नाही राहिले.