राकेशच्या नावाची काच

चिमाजी खैरनारांनी हयातभर दुसऱ्यांची नावं वाचली. मनमाड जंक्शनला ते टीसी होते. यादीत ज्याचं नाव तो प्रवासी, ज्याचं नाही तो उपरा, एवढं सरळसोट तत्त्वज्ञान त्यांना रेल्वेने दिलं होतं. निवृत्तीच्या वेळी पंच, बिल्ला आणि काळा कोट त्यांनी जमा केला, हे तत्त्वज्ञान मात्र कोणी परत मागितलं नाही म्हणून ते घरी घेऊन आले. त्यामुळे इंदिरानगरच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये नाव नसलेली वस्तू शोधूनही सापडायची नाही. पातेली, डबे, पाण्याची टाकी, पंख्याची धूळ काढायची शिडी, सगळ्यांवर नाव. गावच्या देवळाला पंखा दिला तर त्याच्या तिन्ही पात्यांवर नाव. मात्र पंखा फिरताना नाव वाचता येत नाही, म्हणून चिमाजी देवळात गेले की आधी बटण बंद करायचे आणि मग देवाला हात जोडायचे. भाविक घामाघूम होत, पण दाता कोण ते सर्वांना कळे.

नाव बहुतेक ठिकाणी राकेशचं, म्हणजे त्यांच्या मुलाचं. मुलीच्या, सरिताच्या, नावाशी चिमाजींचं काही वाकडं नव्हतं. मुलीचं नाव आज ना उद्या बदलणार, त्यावर कशाला छिन्नी चालवायची, एवढंच त्यांचं म्हणणं. तिच्या नावाची छिन्नी त्यांनी एकदाच चालवली, तिच्या लग्नात. रुखवतातल्या एकूण एक भांड्यावर ‘सौ. सरिता’ कोरून घेतलं. काही वर्षांनी सरिता सासर कायमचं सोडून परत आली. भांडी तिकडेच राहिली. चिमाजींनी तिला का आलीस म्हणून विचारलं नाही आणि बरं झालं आलीस असंही म्हटलं नाही. आपण केवढा समजूतदारपणा दाखवला याचं त्यांना पुढे बरेच दिवस कौतुक वाटत राहिलं.

निवृत्तीनंतर चिमाजींनी पांढरी गाडी घेतली आणि शोरूममधून ती थेट रेडियमवाल्याकडे नेली. पुढच्या काचेच्या वरच्या पट्टीवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, लाल अक्षरांत ‘राकेश’. राकेश तेव्हाही हैदराबादला होता आणि आजही तिथेच आहे. दिवाळीत एकदा तो या गाडीत बसला आणि एसी थंड करत नाही असं सांगून उतरला. गाडी चालवायला चिमाजी स्वतः शिकले होते. पहिल्याच आठवड्यात ते सोसायटीचं फाटक घेऊन बाहेर पडले, तेव्हा किल्ली सरिताने आपल्याकडे घेतली. तेव्हापासून शाळेत शिकवायला जाण्याआधी आणि शाळेतून आल्यावर गाडी तीच चालवते. आईचे गुडघे डॉक्टरकडे नेणं, बापाला पेन्शनच्या बँकेत आणि सगळ्या नात्यागोत्याच्या लग्नकार्यांना नेणं, हे सगळं तिच्याकडे. गाडी राकेशची आणि चालवायची सरिताने, यात चिमाजींना काही वावगं दिसलं नाही. रेल्वेचं इंजिनही कुठे ड्रायव्हरच्या नावाचं असतं?

या उन्हाळ्यात लासलगावला चुलतभावाच्या मुलाचा साखरपुडा होता. मांडवाबाहेर गाडी उभी राहिली तशी भावकी जमली आणि काचेवरचं नाव वाचून ‘राकेशची गाडी वाटतं’ म्हणाली. चिमाजी छाती फुगवून ‘राकेशचीच’ म्हणाले. शेजारी सरिता हातात किल्ली घेऊन उभी होती. कोणीतरी तिला आत बायकांत जाऊन बस म्हणून सांगितलं.

परतताना विंचूर मागे पडलं आणि पुढे कांद्याच्या ट्रॉल्यांची रांग लागली. बाजार समितीतून भरून निघालेल्या ट्रॉल्या, वर ताडपत्री, ताडपत्रीला दोर आणि दोराला लोखंडी आकडे. शेजारच्या सीटवर बसून चिमाजी नेहमीप्रमाणे गाडी चालवत होते, म्हणजे तोंडाने. पुढे काढ, आता काढ, काय बैलगाडी हाकतेस, असं त्यांचं चाललं होतं. सरिता अंतर राखून होती. तेवढ्यात पुढच्या ट्रॉलीचा एक दोर सुटला, वाऱ्यावर उडाला आणि त्याचा आकडा काचेवर येऊन आदळला. सबंध काचेवर जाळं पसरलं आणि काचेची चुरी आत उडाली. समोरचं काही दिसेना. सरिताने आरडाओरडा केला नाही. बाजूच्या खिडकीतून मान बाहेर काढून तिने गाडी हळूहळू रस्त्याच्या कडेला घेतली आणि थांबवली. मग स्टिअरिंगवरचे हात मात्र बराच वेळ तिला काढता आले नाहीत.

चिमाजी तोवर खाली उतरले होते. त्यांच्यातला टीसी जागा झाला होता. ट्रॅक्टरवाल्याला थांबवून त्यांनी नाव विचारलं, गाव विचारलं, लायसन दाखव म्हणाले. तो बिचारा हात जोडून उभा. “काका, चुकी माझीच हाय. पर ताईनं गाडी लय बेस बाजूला घेतली, नायतर समदेच गेलो असतो. आन् तुमचं नाव बी शाबूत राह्यलं बघा.”

खरंच की. सगळी काच पिंजून निघाली होती आणि वरच्या पट्टीतला राकेश अक्षर न अक्षर शाबूत होता. चिमाजींचा राग निम्मा उतरला. ट्रॅक्टरवाल्याच्या बोलण्यातलं शेवटचं वाक्य त्यांनी सोबत घेतलं, आधीचं त्याच्याकडेच ठेवलं. सरिताने तशीच मान बाहेर काढत गाडी कशीबशी घरी आणली, आणि पोचताच चिमाजींनी राकेशला फोन लावून हा चमत्कार कळवला. राकेशने ती गाडी एकदाची विकून टाका असा सल्ला दिला आणि मीटिंग आहे म्हणून फोन ठेवला. गाडी कोण चालवत होतं हे त्याने विचारलं नाही, यांनी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी लताबाईंनी नवऱ्यासमोर चहा ठेवला आणि समोर बसल्या. लताबाई सहसा बसत नाहीत, त्यामुळे चिमाजींनी पेपर खाली घेतला. सरिताला मनमाडच्या एका शाळेने बोलावलंय, राहायला खोलीही देतायत, त्यांनी सांगितलं. सोमवारी ती होकार कळवणार आहे. मग गाडी कोण चालवणार, चिमाजींनी विचारलं. मनात आलेली पहिली गोष्ट त्यांनी लपवली नाही, एवढं श्रेय त्यांना द्यायला हवं.

“मी गाडीचं सांगत नाहीये,” लताबाई म्हणाल्या. “तुमच्या मुलीचं सांगतेय. काल तिच्या तोंडावर काच उडाली. लागलं का म्हणून एकदा तरी विचारलंत तुम्ही?”

नव्हतं विचारलं. ट्रॅक्टरवाल्याचं नाव, गाव, बापाचं नाव, सगळं विचारलं होतं. संध्याकाळी फाटकाशी गाडी थांबल्याचा आवाज येणार नाही, जेवायला तिघांऐवजी दोघंच, आणि आपण बोलतोय ते मुकाट्याने ऐकून घेणारं कोणी नाही, हे त्यांना एकदम दिसलं. तिने जायला त्यांना नको होतं. पण हे तिला सांगायचं कसं? नोकरीत त्यांनी दंडाच्या पावत्या फाडल्या होत्या, माफी मागायची पावती रेल्वेने कधी छापलीच नव्हती. विचार करकरून त्यांना जो उपाय सुचला तो त्यांच्या स्वभावाला धरूनच होता. नव्या काचेवर सरिताचं नाव घालायचं. मग कशाला जाते ती?

शनिवारी सकाळी सरिता फुटक्या काचेची गाडी तशीच मान बाहेर काढत, जपून चालवत द्वारका चौकाजवळ गेणूच्या गॅरेजला सोडून रिक्षाने शाळेत गेली. शाळा अर्धाच दिवस होती, सुटली की ती गाडी न्यायला येणार होती. चिमाजी देखरेखीला मागे राहिले. गेणूने कडेने बारीक तार ओढून जुनी काच कापून काढली आणि गोणपाटावर आडवी ठेवली. सवयीने चिमाजींनी त्याला नाव अख्खं सोडवून दे म्हणून फर्मावलं. गेणूने ब्लेड घातलं तर राकेशचे तुकडे पडायला लागले. गेणू ओशाळला. चिमाजींना वाटलं होतं तेवढं वाईट वाटलं नाही, आणि त्याचंच त्यांना नवल वाटलं. ते उठून शेजारच्या रेडियमवाल्याकडे गेले आणि मोठ्या आवाजात सरिताचं नाव सांगितलं.

नुसतं नाव की आडनावासकट, रेडियमवाल्याने विचारलं. चिमाजी आडनावासकट म्हणाले आणि तिथेच अडकले. कोणतं आडनाव? सासरचं ती अजून लावत होती की टाकलं होतं? खैरनार लावायची का? लाखो माणसांची नावं वाचलेल्या या गृहस्थाला घरातल्या मुलीचं पूर्ण नाव येईना. त्यांनी बाजूला जाऊन लताबाईंना फोन लावला.

“ती आडनाव लावतच नाही,” लताबाई म्हणाल्या. “परत आल्यापासून शाळेत सगळीकडे सरिता चिमाजी, एवढंच लिहिते. तुम्हाला माहीत नाही?”

चिमाजी दुकानाच्या बाकावर बसले. आपल्या नावाला एवढी वर्षं एक जागा होती आणि आपल्याला ठाऊकच नव्हती. शेवटी त्यांनी नुसतं ‘सरिता’ काढायला सांगितलं, राकेशपेक्षा मोठ्या अक्षरांत. पुढे आपलं नाव घाला म्हणायला त्यांना तोंड उरलं नव्हतं.

तोवर गेणूने नवी काच बसवली होती. तो नको नको म्हणत होता, काच चिकटवायचा मसाला अजून ओला आहे, काचेला हात लावू नका म्हणत होता. पण चिमाजींनी रेडियमवाल्याला हळू हाताने लावायला सांगून नाव लावून घेतलंच. दुपारी सरिता आली तेव्हा ‘सरिता’ काचेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरली होती. तिने एकदा पाहिलं आणि गाडी कधी नेता येईल ते गेणूला विचारलं. गेणूने दोघांना बजावलं की अजून तासभर गाडी हलवायची नाही, काचा थोड्या खाली ठेवायच्या आणि दार आपटायचं नाही. दार आपटलं की आतली हवा नवी काच बाहेर ढकलते. बाहेर ऊन मी म्हणत होतं, म्हणून बापलेक गाडीतच बसले.

चिमाजी कौतुकाची वाट पाहत होते. सरिताने मान वर करून काचेकडे पाहिलं.

“नाना, हे आतून उलटं दिसतं.”

वाचणारे बाहेर असतात, चिमाजींनी ऐकवलं.

“आणि चालवणारी आत असते,” सरिता म्हणाली. “इतकी वर्षं मी राकेश उलटा वाचत गाडी चालवली. त्याच्याखालून सिग्नल दिसावा म्हणून दर चौकात मान वाकवली. आता माझ्याच नावाखाली वाकू?”

चिमाजी भडकले. माणसाने जन्मात एकदा काही करावं आणि त्यावरही ऐकून घ्यावं! वाद अंगाशी आला की दार आपटून निघून जायचं, ही त्यांची घरातली जुनी पद्धत. लताबाईंशी झालेलं एकही भांडण त्यांनी दुसऱ्या प्रकारे संपवलं नव्हतं. हात दाराकडे गेलाही. तोच गेणू बाहेरून दोन्ही हात वर करून धावला आणि चिमाजींना हात मागे घ्यावा लागला. आपटता येत नसेल तर दार उघडून करायचं काय, हे त्यांना कळेना. ते बसून राहिले.

“आईने मनमाडचं सांगितलं ना तुम्हाला?”

त्यांनी मान हलवली.

“मग त्यावर काही म्हणायचं असेल तर म्हणा. काचेवर नको. तोंडाने.”

बाहेर गेणू कोणाच्या तरी गाडीचा आरसा बसवत होता. चिमाजींनी समोर बघतच विचारलं, “त्या दिवशी लागलं का तुला?”

सरिताने केस बाजूला केले. भुवईच्या वर खपली धरली होती. दोन दिवस ती त्यांच्यासमोर वावरत होती, जेवायला वाढत होती, आणि त्यांना ती दिसली नव्हती. चिमाजींनी बोट पुढे केलं, पण खपलीला लावलं नाही.

“जाऊ नको,” ते म्हणाले. सबंध डब्याला ऐकू जाईल असं ‘तिकीट दाखवा’ म्हणणाऱ्या माणसाचा हा आवाज शेजारी बसलेल्या मुलीलाही जेमतेम ऐकू आला. “घर खायला उठेल गं मला.”

सरिताने डोळे पुसले. मग तिने त्यांच्याकडे पाहिलं.

“मी जाणार आहे, नाना. सोमवारी हो म्हणून कळवणार आहे. पण मी परत न येण्यासाठी निघाले होते. आता दर रविवारी येत जाईन.”