उसनी टोपी

व्हिएतनामच्या सहलीत आम्हाला पाण्यावरचा बाजार दाखवला. एक बाई होडीत अननस विकत बसली होती. आमच्या नलूताईंनी तिची पानांची टोपी उचलून आपल्या डोक्यावर ठेवली, वल्हं हातात घेतलं आणि यजमानांना म्हणाल्या, "अहो, अननस आले पाहिजेत हं फोटोत!" मग टोपी सगळ्याजणींच्या डोक्यांवरून फिरली. ती बाई बोडक्यानं उन्हात, आणि तिची गिऱ्हाइकं आमची गर्दी बघून शेजारच्या होड्यांकडे वळलेली. मी म्हटलं, "अगं, निदान एक अननस तरी घ्या!"

"इश्श, हॉटेलात नाश्त्याला असतोच की!" असं म्हणत नलूताईंनी टोपी तिच्या होडीत टाकली, आणि आमची होडी सुटलीसुद्धा. फोटोपुरते दुसऱ्याचे कष्ट अंगावर घ्यायची काय ती हौस बाई!

दुपारी पाण्यातल्या जंगलात नेलं. झाडं कमरेएवढ्या पाण्यात उभी, आणि पाण्यावर टिकलीएवढ्या हिरव्या पानांची साय. होडीपुढे ती फाटायची, मागे लगेच मिटायची. नलूताई सकाळचे फोटो बघत म्हणाल्या, "इथं काहीच नाही हो बघायला!"

मी मागे वळून पाहिलं. आम्ही तिथून गेल्याची खूणसुद्धा उरली नव्हती. बरं वाटलं. त्या अननसवालीलाही आमचा इतक्याच लवकर विसर पडू दे.