काचेवरचा चुना

हे म्या आजवर कुणालाच सांगितलं न्हाय. बायकोलासुद्धा न्हाय, अन् तिला तर माझं बाकी सगळं ठाऊक हाय. तुम्ही बसलाच आहात तर ऐका. मधी अडखळलो तर अडखळू द्या.

काचा पुसायचं काम माझं. आमच्या दुष्काळी भागातल्या वाशीत तवा दुमजली इमारती मोजक्याच, त्यांच्या वरच्या खिडक्या माझ्याकडं. लोक हसायचे — काचा पुसून कुणाचं पोट भरतंय व्हय? माझं भरायचं. छज्ज्यावर उभं ऱ्हायचं भ्या वाटत न्हवतं, तेवढीच माझी मिजास.

वरच्या खिडकीची झडप बाहेर उघडते. ती उघडली की आधी हूक अडकवायचा, मग फडक्याला हात लावायचा. वारा काय सांगून येतो का? सोपानकाकांनी पहिल्याच दिवशी एवढं एकच बजावलं होतं. काका सोसायटीच्या हापिसात शिपाई, ईट गावचे. मला हे काम त्यांनीच मिळवून दिलेलं.

साल दुष्काळाचं. प्यायला पाणी न्हाय, अन् काचा धुवायला मागायचं कुठल्या तोंडानं? मग मी चुन्याचा पातळ हात काचेला द्यायचो, वाळला की रद्दी पेपरानं घासायचो. लख्ख निघायची काच. पण चुना वाळेस्तोवर झडप उन्हात उघडी ठेवावी लागायची.

त्या दुपारी सोसायटीच्या इमारतीत वरच्या झडपेला चुना लावला अन् — कसं सांगू — चहाला खाली उतरलो. हूक लावलाच न्हाय. गंजलेला होता, जोर लावावा लागायचा. कंटाळा केला. दुसरं काही कारण न्हाय.

खाली भिंतीच्या सावलीला बायका घागरी घेऊन टँकरची वाट बघत होत्या. वावटळ उठली, झडप आपटली, काच खाली आली. त्यातल्या सगुणाबाईचं मनगट फाटलं. बाई वाचली, पण त्या हातानं तिला पुन्हा भरली घागर उचलता आली न्हाय.

खिडकी कुणी उघडी टाकली, सोसायटीच्या सेक्रेटरीसाहेबांनी विचारलं. अन् मी बोललो. मी मागच्या बाजूला होतो म्हणालो. त्या खिडकीशी सोपानकाका बसतात वाऱ्याला, असंही म्हणालो. तोंडातून निसटलं म्हणू का? न्हाय. काकांना त्याच खिडकीपाशी डुलकी घेताना साहेबांनी आधी एकदा पकडलं होतं. ते मला ठाऊक होतं, म्हणून तर त्यांचं नाव घेतलं.

"न्हाय साहेब, आज मी वर गेलोच न्हाय," काका म्हणाले, अन् माझ्याकडं बघितलं.

मी खाली बसून काचा वेचत होतो. का, ठाऊक हाय? तुकड्यांवर माझ्या हातचा चुना होता. अजून ओला. एक तुकडा कुणी उचलून बघितला असता तर सगळं तिथंच उघडं पडलं असतं. मी एकेक तुकडा शर्टाच्या टोकानं पुसायचो अन् पोत्यात टाकायचो. साहेब म्हणाले, बघा, पोरगं किती काळजीनं वेचतंय.

काकांची नोकरी गेली. जायच्या दिवशी ते वर गेले. ऱ्हायलेल्या दुसऱ्या झडपेचा गंजका हूक जोर लावून अडकवला, अन् माझ्या शेजारून जिना उतरून गेले. पुढं रोजगार हमीवर खडी फोडत होते, त्या वयात. मी दिसलो की मान खाली घालायचो, ते मात्र घालत न्हवते.

आता काका न्हाईत. हे त्यांच्यापुढं बोलायचं होतं, अन् तेवढा दम माझ्यात कधीच आला न्हाय. आज बोललो. लई हलकं वाटतंय, खोटं कशाला सांगू? छातीवरून काहीतरी उतरलं खरं. तुम्ही काही म्हणू नका, चहा प्या.

झडप म्या उघडी टाकली. अन् चुना म्या पुसला.