फाट्यावरची खोटी पाटी

ते प्रकरण आठवलं की आजही माझ्या मुठी वळतात. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. खून पाहिले, दरोडे पाहिले, दंगलीत डोकं फुटून घेतलं. त्यातल्या कित्येक आरोपींचे चेहरे आता आठवतही नाहीत. पण टिनाच्या एका पाटीमुळे गेलेला जीव मी विसरलेलो नाही, आणि विसरावा असं मला वाटतही नाही.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा नागपूर जिल्ह्यात, काटोलच्या बाजूच्या एका ठाण्यात फौजदार होतो. सगळा संत्र्यांचा मुलूख. पावसाळ्यात रस्ता उखडायचा आणि तो दुरुस्त व्हायच्या आत आंबिया बहाराच्या संत्र्यांचे ट्रक धावायला लागायचे. आज गाडीत बसलं की फोनच सांगतो, पुढे रस्ता खराब आहे, इकडून वळा. तेव्हा परका ड्रायव्हर रस्त्याकडेच्या पाटीवर भरवसा ठेवायचा, नाहीतर टपरीवर चहा पिताना विचारायचा. तिसरा उपाय नव्हता.

दिवाळीच्या आधीचे दिवस होते. दुपारी ठाण्यात बातमी आली की आरोग्य केंद्रात एका शिक्षिकेचं प्रेत आणलं आहे, सर्पदंश. मी गेलो. जेमतेम तेवीस-चोवीस वर्षांची मुलगी. त्या गावच्या शाळेत लागून तिला दुसरंच वर्ष होतं. सकाळी शाळा भरायच्या आधी कोपऱ्यातल्या तरटाच्या पट्ट्या तिनं स्वतः उचलायला घेतल्या. गुंडाळीत नाग होता. हाताला चावला.

मुख्याध्यापक तिच्यासोबत होते. त्यांनी जबाब दिला. गावात संत्री भरायला आलेल्या एका व्यापाऱ्याची जीप होती. तिला लगेच जीपमध्ये घातलं आणि नागपूरच्या मोठ्या दवाखान्याकडे निघाले. ड्रायव्हर अमरावतीकडचा, या रस्त्याला नवा. फाट्यावर पाटी दिसली : "पुढे रस्ता खराब आहे. वाहनांनी उजवीकडील रस्त्याने जावे." त्यानं जीप उजवीकडे घातली; मुख्याध्यापक मागे तिला सांभाळत होते, त्यांचं रस्त्याकडे लक्ष नव्हतं. दीड मैल रस्ता तळहातासारखा. मग नाला आला, आणि नाल्यातल्या पाण्याखालच्या खड्ड्यात जीपचा पुढचा स्प्रिंगचा पाटा मोडला.

"तिच्या पापण्या उचलत नव्हत्या," मुख्याध्यापक म्हणाले. "पण शुद्ध होती. दोनदा विचारलं, सर, अजून किती लांब? मी म्हटलं, आलंच. मी खोटं बोललो, साहेब."

जवळपास दीड तास जीप तिथं उभी होती. त्या दीड तासात ती गेली.

मी पंचनामा केला, आकस्मिक मृत्यूची नोंद घेतली आणि कागद पुढे पाठवले. साप चावला, गाडी मोडली, दैव. माझ्या लेखी प्रकरण संपलं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळच्या हजेरीच्या वेळी तिचे वडील ठाण्यात आले. नागपुरात कापडगिरणीत फिटर होते. छप्पन साली दीक्षा घेतलेलं कुटुंब. घराण्यात शिकून नोकरीला लागलेली ही पहिली मुलगी. पांढरा सदरा, गुडघ्यापर्यंत वाळलेला चिखल. रडत नव्हते.

"साहेब, मी नाला पाहून आलो," ते म्हणाले. "पानी उतरलं आहे. तो खड्डा पान्यानं नाही पडला. तो खणला आहे."

मी म्हटलं, "बाबा, पावसाळ्यात नाल्यात खड्डे पडतातच."

"पडतेत. पन पान्यानं पडलेल्या खड्ड्याची कड गोल राहते. याच्या कडेले सब्बलीचे घाव आहेत. तीस वर्सं लोखंडासंग काढले मी. घाव मले समजते." मग म्हणाले, "तुमी एकदा पाहून तर घ्या. मी काही मांगून नाही राहिलो."

मी हवालदाराला घेऊन निघालो. खरं सांगायचं तर त्यांचं समाधान करायला निघालो होतो. नाल्यात उतरलो आणि त्यांनी बोट दाखवलं. मुरूम आणि दगडाच्या थरात पहारीचे सरळ, तिरपे, टोकदार घाव. बरोबर जिथून चाक जाणार तिथं. खणलेले दगड काठावर झुडपामागे टाकलेले.

त्या नाल्यापासून शंभर पावलांवर एक गॅरेज होतं.

फाट्यावर परत आलो. मुख्य रस्त्यानं स्वतः पुढे जाऊन पाहिलं. खडी उखडलेली होती, गचके बसत होते, पण रस्ता चालू होता. गावातल्या बैलगाड्या, एस.टी.च्या गाड्या, सगळे तिकडूनच जात होते. रस्त्यावर काम करणाऱ्या टोळीचा मुकादम भेटला. त्याला पाटीबद्दल विचारलं.

"आमचा नाही तो बोर्ड," तो म्हणाला. "मले वाटलं, पोलिसायनं लावला."

आम्हाला वाटलं त्यांची आणि त्यांना वाटलं आमची! सरकारी दिसणाऱ्या वस्तूला या देशात कोणी मालक विचारत नाही.

मग मी फाट्यावर उभा राहून ट्रक थांबवायला सुरुवात केली. तिसऱ्या ट्रकचा ड्रायव्हर नागपूरचा, हिंदी बोलणारा, पिकल्या मिशांचा माणूस. पाटीचं नाव काढताच तो भडकला.

"साहब, मेरा भी पाटा टूटा था वहीं। बुलाने की भी जरूरत नहीं पड़ी, मिस्त्री सामान लेकर खुद आ गया। उसको कैसे मालूम, क्या टूटा है?"

"मग तक्रार का नाही केलीस?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "किया था साहब। आपके ही थाने में। आपके आदमी ने लिखा भी था।"

ठाण्यात येऊन मी स्टेशन डायरी काढली. अकरा दिवस मागचं पान. ठाणे अंमलदाराच्या अक्षरात नोंद होती : "ट्रकचालक, फाट्यावरील पाटी खोटी असल्याचे सांगतो. बांधकाम खात्याचे काम, समज देऊन पाठविले." आणि खाली तपासल्याची सही. माझी.

मी ते पान वाचलंही नसेल. सकाळच्या घाईत पाच-सहा पानांवर ओळीनं सह्या ठोकल्या असतील. ज्या खबरीसाठी पोलीस बक्षीस लावतात ती खबर पायी चालत माझ्या दारात आली होती, आणि मी तिच्यावर सही करून तिला हाकलून दिलं होतं.

त्या संध्याकाळी पाटी जप्त केली. निरखून पाहिली. काळ्या रंगातली सुबक अक्षरं. 'र'ची शेपटी मात्र विळ्यासारखी आत वळवलेली. दुसऱ्या दिवशी गॅरेजवर गेलो तर दारावरच्या फलकावर, 'गॅरेज'मध्ये, तोच विळा. काटोलच्या बाजारात फलक रंगवणारे दोघेच होते. त्यातल्या दुसऱ्यानं पाटी पाहताच मान खाली घातली.

"गॅरेजवाल्यानं सांगतलं, सरकारी दिसली पाह्यजे," तो म्हणाला. "मी इचारलं, काहून? तर म्हने, खात्याच्याच मानसाचं काम आहे, तो घाईत आहे. मी रंगवून देल्ली."

गॅरेजवाल्याला ठाण्यात आणलं. चाळिशीचा, नीटनेटका, केसांना तेल लावलेला. खुर्चीवर बसायला निघाला, हवालदारानं उभं केलं.

"पाटी कोणाची?"

"मले काय मालूम, साहेब?"

मी रंगाऱ्याचा जबाब वाचून दाखवला. तो हसला. अक्षरशः हसला. "बरं, माही समजा. लोकायच्या सोयीसाठी लावली. रस्ता खराबच आहे ना?"

"आणि नाल्यातला खड्डा?"

"पानी आहे साहेब. पानी खणते."

गॅरेजमधून जप्त केलेली सब्बल मी टेबलावर ठेवली. टोकाला एका बाजूनं कपचा उडालेला होता. नाल्यातल्या घावांचे साचे घेतले होते. प्रत्येक साच्यात त्या कपच्याची खूण होती. ते सगळं शेजारी शेजारी मांडलं. त्याचं हसू गेलं, पण माज गेला नाही.

"त्या दिवशी जीपमध्ये बाई होती. पाहिलीस?"

"पाह्यली."

"तुझ्या गॅरेजमध्ये चालू गाडी उभी होती. मुख्याध्यापक सांगतात, त्यांनी तुझे पाय धरले. का नाही दिलीस?"

"गिऱ्हाइकाची गाडी होती साहेब. देता येते का? अन् मी मारलं का तिले? साप मी सोडला का?"

माझा हात उठला. खोटं कशाला सांगू? उठलाच. माझा हवालदार वयानं माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठा, त्यानं मागून मनगट धरलं आणि हळूच म्हणाला, "साहेब, हेच पाह्यजे त्याले. उद्या कोर्टात सदरा काढून दाखवन." मी बाहेर जाऊन हौदावर तोंड धुतलं आणि परत येऊन बसलो. पुढचे दोन तास मी आवाज न चढवता एकेक प्रश्न विचारला. चौथ्यांदा साचा दाखवल्यावर तो कोसळला. पाटी, खड्डा, सगळं कबूल केलं. पोलिसांपुढची कबुली कोर्टात टिकत नाही हे मला ठाऊक होतं. पण साचे, सब्बल, रंगारी आणि ट्रकवाला हे टिकणार होते.

मला आणखी एक साक्षीदार हवा होता. नाल्याकाठी चहाची टपरी होती. टपरीवाला आधी म्हणाला, काहीच पाहिलं नाही. मग म्हणाला, गॅरेजवाल्याला दोनदा खणताना पाहिलं.

"मग बोलला का नाहीस?"

"काहून बोलू, साहेब? गाड्या थांबतेत तवा माहा चहा खपते."

नाल्याजवळच्या गावात विचारलं. सगळ्यांना माहीत होतं! खोटी पाटी कोणती, खरा रस्ता कोणता. त्यांच्या स्वतःच्या गाड्या कधी उजवीकडे वळल्या नाहीत. परका माणूस फसला तर फसला, आपलं काय जातं! एकानं तर मला गंमत म्हणून सांगितलं, लोक कसे भाबडे असतात ते. गुन्हेगारावरचा राग माझ्या ओळखीचा होता. हा राग वेगळा होता, आणि तो कोणत्या कलमाखाली लावायचा ते मला कळत नव्हतं.

दोषारोपपत्र तयार करताना डायरीच्या त्या पानाचा प्रश्न आला. पाटी कधीपासून होती हे सिद्ध करायला त्याच्याइतका चांगला पुरावा नव्हता. माझ्या वरिष्ठांनी मला बोलावून सांगितलं, "ते पान राहू द्या. बाकीचं पुरेसं आहे. कशाला स्वतःच्या पायावर धोंडा?" मी दोन दिवस विचार केला. अभिमानानं सांगण्यासारखं नाही, पण दोन दिवस केला. मग ते पान जोडलं. मला ठपका मिळाला, सेवापुस्तकात नोंद झाली, बढती लांबली. योग्यच झालं.

कोर्टात व्हायचं तेच झालं. बचाव पक्षाच्या वकिलानं डॉक्टरांना विचारलं, मृत्यूचं कारण? सर्पदंश. वेळेवर पोचली असती तर वाचलीच असती असं खात्रीनं सांगता येईल? डॉक्टर प्रामाणिक होते. "खात्रीनं सांगता येणार नाही." झालं. मृत्यूच्या आरोपातून तो सुटला. रस्त्याची नासधूस आणि फसवणूक सिद्ध झाली, त्यावर काही महिन्यांची शिक्षा.

निकालानंतर मुलीचे वडील व्हरांड्यात बाकावर बसले होते. मी शेजारी जाऊन बसलो. डायरीच्या पानाची हकिगत कोर्टात आली त्या तारखेला ते हजर नव्हते, गिरणीतून सुट्टी मिळाली नव्हती. दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी मी सांगावं असं मला वाटलं. मी सगळं सांगितलं. अकरा दिवस, ट्रकवाला, माझी सही.



"म्हनजे तिच्या रस्त्यात तुमीबी होते," ते म्हणाले.

"होतो."

ते उठले, छत्री घेतली आणि गेले. मला शिव्या दिल्या नाहीत, माफही केलं नाही. मी मागे गेलो नाही. माफी मागायचा हक्क मला नव्हता, आणि त्यांच्याकडून दिलासा काढून घेणं ही आणखी एक चोरी झाली असती.

त्यानंतर मी सात ठाण्यांत काम केलं. डायरीचं पान वाचल्याशिवाय सही केली नाही. रस्त्याची, नाल्याची, पाटीची, कसलीही बारीक तक्रार घेऊन कोणी आला की त्याला आधी बसायला सांगितलं, आणि त्याच दिवशी माणूस पाठवून जागा पाहिली. माझ्या हाताखालचे फौजदार मागे हसायचे, साहेबांना खड्ड्यांचं वेड आहे म्हणायचे. हसू देत. पोलिसाला गुन्हेगार ओळखता यायला हवा असं प्रशिक्षणात शिकवतात. मला या प्रकरणानं शिकवलं ते इतकंच, की गुन्हा एकटा माणूस करत नाही. एक जण खणतो, एक रंगवतो, एक चहा विकतो, गाव गप्प बसतं, आणि एक जण न वाचता सही करतो.

मला नुसता ठपका मिळाला, शिक्षा झाली नाही. राग आहे तो त्याचा.