सोमवारच्या नैवेद्याला लेकरू हवं

आपला देव जर्मनीत येतो की नाही, ही शंका मला तिथल्या पहिल्याच सोमवारी आली. लेकीला सहावा महिना लागला होता. आदल्या खेपेचं बाळ पोटातच गेलेलं, म्हणून डॉक्टरांनी तिला पलंगावरून उठायला मनाई केली होती आणि मी वारूळवाडीचं घर आमच्या ह्यांच्यावर टाकून तिच्याकडे गेले होते. बाळाचं नाव, कपडे, कशाचाही विषय काढला की पोरगी भिंतीकडे तोंड फिरवायची. बाळ सुखरूप येऊ दे म्हणून मी मुकाट्याने भीमाशंकराला सोमवारचे उपास बोलले.

आमच्या घरची रीत अशी, की संध्याकाळी उपास सोडताना नैवेद्याचा पहिला घास शेजारच्या लेकराच्या हातावर ठेवायचा, मग आपण जेवायचं. गावात लेकरांना काय तोटा? रवा भाजल्याचा वास सुटला की चारजण दारात हजर. इथे मात्र सगळी दारं बंद. मी आपली शिऱ्याची वाटी घेऊन खालच्या बागेत गेले आणि एका चिमुरडीला खुणेने बोलावलं. तिने हात पुढे केलासुद्धा, पण तेवढ्यात तिच्या आईने धावत येऊन तिला मागे ओढलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आई, इथे परक्यांच्या मुलांना असं खायला देत नाहीत गं," लेक कळवळून म्हणाली. मी तशीच उपाशी झोपले. फोनवर हे चिडवायला टपलेलेच. "देवाला तिकडं यायला व्हिसा लागतो व्हय? त्याच्यापुढं ठिव अन् खा. लई ताणू नको." पण मी पडले हट्टी. रीत मोडली आणि पोरीला काही झालं तर, ही भीती मनातून हलेना. पुढचा सोमवारही तसाच कोरडा गेला, आणि खरं सांगते, मी देवावर रुसले.

त्यानंतरच्या सोमवारी घरातले काजू संपले होते आणि जावयांना आणायला सांगायचं राहून गेलं. शिरा तसाच केला, देवापुढे ठेवला आणि रडू फुटलं. म्हटलं, मला काही जमत नाही, आता तूच बघ बाबा. डोळे पुसतेय तोवर बेल वाजली. दारात बागेतली तीच बाई, मुलीचा हात धरून. ती आमच्याच खालच्या मजल्यावर राहत होती आणि रवा भाजल्याचा वास तिच्यापर्यंत गेला होता. तिचं बोलणं मला कळेना, तेव्हा लेकीने पलंगावरूनच सांगितलं. काजू-शेंगदाणे खाल्ले की त्या पोरीचा गळा सुजतो, श्वास कोंडतो. त्या दिवशी वाटीत काजू दिसले म्हणून तिने पोरीला ओढलं होतं, पण माझं पडलेलं तोंड तिच्या मनाला लागून राहिलं होतं. आज त्यात काय आहे, एवढंच तिला विचारायचं होतं.

रवा, तूप, साखर, दूध, वेलची. लेकीने एकेक सांगितलं. बाईने मान हलवली. पोरीने घास मटकावला आणि पुन्हा हात पुढे केला. ज्या ओढण्यावरून मी देवाशी अबोला धरला होता, त्यानेच हे लेकरू वाचलं होतं.

मग जिन्यातली सगळीच पोरं माझी झाली. मला 'ओमा' म्हणजे आजी म्हणू लागली. दूध आणायला खाली गेले तरी कुणी पिशवी धरायचं, कुणी मला त्यांचे आकडे शिकवायचं आणि माझे उच्चार ऐकून लोटपोट व्हायचं. त्यांच्यात रमले की माझी भीती मी विसरून जायची. उपास चालूच होते, पण देवाला घातलेल्या अटी आपोआप गळून गेल्या होत्या.

एका दुपारी जिन्यात पोरांनी नुसता दंगा मांडला होता. मी त्यांना गप्प करायला उठले, तर लेकीने माझा पदर धरला.

"राहू दे गं आई," ती म्हणाली. मग पोटावर हात ठेवून हळूच विचारलं, "आपलं बाळसुद्धा असंच ओरडेल का गं?"

मी "हो" म्हणाले आणि देवापुढे जाऊन हात जोडले. काही मागायचं सुचलंच नाही.