धुराड्यातली तुळई

हे आजवर कुणापाशी बोललो नाही. बायकोपाशी नाही आणि देवापाशीही नाही. देवापुढे हात जोडले की मी भलतंच काहीतरी मागत बसतो, पाऊस, पोरीला स्थळ, गुडघ्याला उतार. ही गोष्ट ओठाशी आली की गिळतो. आता गिळायचाही वीट आला आहे. तुम्ही मला ओळखत नाही हे बरं आहे. ओळखीच्या माणसाला सांगायची छाती असती, तर सांगण्यासारखं काही उरलंच असतं का?

मी गवंडी, अक्कलकुव्याचा. जुनी धुराडी नीट करणारा मिस्तरी म्हणून लोक मला ओळखतात. हसाल तुम्ही — आमच्या मुलखात धुराडी असतात कुठे? शेतकऱ्याच्या घराच्या मातीच्या धाब्याला एक भोक असतं, त्यावर फुटका माठ पालथा घातला की झालं. डोंगरातल्या कुडाच्या घरांना तेही लागत नाही, धूर आपली वाट आपणच शोधतो. पण बाजारातल्या मारवाडी शेठ लोकांनी दुमजली घरं बांधली. खाली चूल, वर कपड्यालत्त्यांच्या खोल्या. मग त्यांना विटांची धुराडी हवी झाली. माझा बाप तरुणपणी नंदुरबारला, कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या चिमणीवर विटा रचायला होता. तेवढ्या शिदोरीवर तो धुराड्यांचा उस्ताद ठरला. वासरात लंगडी गाय शहाणी, दुसरं काय! गावातली सातही धुराडी त्याच्या हातची.

धुराडं म्हातारं झालं की सांध्यांतला चुना पिठासारखा गळतो. वीट ठोकली की पोकळ वाजते, धूर वर जायचा सोडून स्वयंपाकघरात परत फिरतो. बायका डोळे पुसत पुसत शेठजींकडे तक्रार करतात आणि शेठजी माझ्याकडे माणूस पाठवतात. बापाला मोतीबिंदू झाल्यापासून ही सगळी दुरुस्ती माझ्याकडे आली होती. हात माझा आणि नाव बापाचं. ते नाव मीही खात होतो, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मला बापाच्या आड लपता येणार नाही.

लढाई सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. दिवाळी तोंडावर होती. पेठेतल्या मोठ्या शेठजींच्या घरचं धुराडं कोंदलं होतं. मी चुलीच्या वरची भिंत उघडली, काजळी खरवडली, सैल विटा काढल्या — आणि हात थांबला. वरच्या खोलीची सागाची तुळई भिंतीत टेकायची सोडून वीतभर धुराड्याच्या पोटात आली होती. बांधतानाच राहिली होती ती तशी. चुन्याचा गिलावा होता तोवर झाकलेली होती, गिलावा गळल्यावर उघडी पडली. थापीनं खरवडलं तर बोटभर कोळसा निघाला. म्हणजे ती जळत होती. दर दिवशी थोडी थोडी, कुणाला न कळता.

गवंड्याच्या पोराला हे कळायला शाळा लागत नाही. धुराड्यापासून लाकूड हातभर लांब ठेवायचं, हा पहिला धडा. तो मला बापानंच कान पिळून शिकवला होता. मग हे काय होतं? घाई? नवशिकेपण? त्यानं बांधलेलं ते पहिलंच धुराडं होतं. आता इलाज एकच — तुळईला खालून खांब द्यायचा, टोक कापायचं, भिंतीत दगडी तोडा, म्हणजे टेकूचा दगड, बसवून तुळई त्यावर घ्यायची, मधे विटा भरायच्या. आठ दिवसांचं काम, आणि शेठजींना कारण सांगावं लागणार.

त्या वेळी बाप खाली चौकात खाटेवर बसला होता. शेठजींनी त्याला मुद्दाम आणवलं होतं, मानानं चहा दिला होता. मी धुराड्यात डोकं घालून उभा होतो आणि त्याचा आवाज चुलीच्या तोंडातून वर येत होता.

"मन्हा हातनं काम शे ते, शेठजी. त्याले काय व्हस?"

मी एक वीट उभी चिरली, तिची चपटी खाप तुळईच्या टोकावर बसवली आणि वरून चुन्याचा हात मारला. घोटून घोटून गुळगुळीत केला. इतका सुरेख गिलावा मी आयुष्यात दुसरा केला नसेल. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ना? संध्याकाळी ओलं गवत पेटवून पाहिलं, धूर सरळ वर गेला. बाप चाचपडत आला, धुराड्यावर हात फिरवला आणि माझ्या पाठीवर थाप मारली.

पण माझा गुन्हा म्हणजे ही वीट नाही. एवढंच असतं तर कदाचित सांगितलंही असतं कधीतरी — दारू पिऊन, रडून.

भुवाचं सांगायला हवं. मी तिच्याजवळ यायला कचरतो आहे, हे तुमच्या ध्यानात आलंच असेल.

जडावबाई ही शेठजींची थोरली बहीण. घरातली पोरं तिला भुवा, म्हणजे आत्या, म्हणत, म्हणून सगळा बाजारही भुवाच म्हणे. सोळाव्या वर्षी कपाळ पुसलं गेलं आणि ती भावाकडे आली, तेव्हापासून चूल तिची. जैनांचं घर. दिवस मावळला की तोंडात काही घालायचं नाही. भुवा तर दिवेलागणीनंतर पाण्याचा घोटही घेत नसे. सूर्य टेकायच्या आत चूल विझवून, राख सारखी करून ती माळ घेऊन बसायची. वैशाखात अंगाची लाही होत असताना, तापानं फणफणली असतानाही तिनं रात्री पाणी घेतलं नाही, असं बायका कौतुकानं सांगत. तिच्याजवळ दुसरं होतं काय? मूल नाही, दागिना नाही, स्वतःचं म्हणावं असं घर नाही. ते एक व्रत होतं, आणि त्या व्रतामुळे तिला घरात मान होता.

माघात शेठजींच्या घराला आग लागली. मला सकाळी कळलं. मध्यरात्री धुराड्यालगतची वरची खोली पेटली होती, लोकांनी विहिरीचं पाणी ओतून विझवली. जीव कुणाचा गेला नाही. पण त्या खोलीत शेठजींच्या मुलीच्या लग्नाचे शालू आणि भांडीकुंडी होती, लग्न पंधरा दिवसांवर आलं होतं, आणि त्यातलं धड काही राहिलं नव्हतं.

मी गेलो तेव्हा चौकात माणसं जमली होती. शेठाणी रडत होती. आणि सगळ्यांच्या तोंडी एकच गोष्ट — चूल तर सूर्यास्ताला विझते, मग मध्यरात्री धुराड्यात आग आली कुठून? पाहिलंत? दुसऱ्या कुठल्या जातीच्या घरात हा प्रश्न कुणी विचारलाच नसता. चूल कधीही पेटते, आग कधीही लागते. पण त्या घरात रात्री आग लागणं म्हणजे रात्री चूल पेटवणं, आणि रात्री चूल पेटवणं म्हणजे चोरून खाणं. चूल कुणाची? भुवाची. ती कोपऱ्यात उभी होती, पांढऱ्या लुगड्यावर काजळी, हात पदराखाली. मी नही, मी नही, एवढंच म्हणत होती.

शेठजी तसा न्यायी माणूस. त्यानं सगळ्यांना गप्प केलं. मला वर पाठवलं, नीट पाहून ये म्हणाला. मी वर गेलो. माझी वीट गळून पडली होती. तुळईचं टोक जळून आत भोक पडलं होतं, हात घातला तर अजून ऊन लागत होतं. दिवसाची आच धरून लाकूड आत तासन्‌तास धुमसत राहतं आणि वारा लागला की भडकतं. पोराटोरालाही समजावं इतकं ते स्वच्छ होतं. मी भोकातला कोळसा थापीनं काढला, धोतराच्या सोग्यात बांधला, भोकात माती आणि विटांचे तुकडे कोंबले, आणि खाली आलो.

"मिस्तरी," शेठजी म्हणाला, "खरं सांग. चुल्हा थंडा पडना तरी धुराडामा आग ऱ्हास का?"

बाप तिथंच होता. कुणीतरी त्याला हात धरून आणलं होतं. त्याचे पांढुरके डोळे माझ्या आवाजाच्या दिशेला लागले होते. भुवाही माझ्याकडे पाहत होती. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती हो! सुटल्यासारखी पाहत होती ती. कामातलं जाणणारा माणूस आला, आता उलगडा होईल.

"नही ऱ्हास, शेठजी," मी म्हणालो.

एवढंच बोललो. तिचं नाव घेतलं नाही, बोट दाखवलं नाही. भेकड माणूस असाच बोलतो — मोजकं, आणि खरं वाटेल असं.

बापासाठी खोटं बोललो, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. ऐकायला बरंही वाटतं, श्रावणबाळासारखं. पण बापाचं नाव गेलं असतं तर उरलेली सहा धुराडी कुणाला दाखवली असती लोकांनी? मला तर नाहीच. म्हणजे मी माझी भाकरी वाचवली. आणि तिची जन्माची कमाई देऊन वाचवली.

भुवाकडून चूल काढून घेतली. तिला कुणी मारलं नाही, घराबाहेर घातलं नाही. शेठजींनी फक्त तिच्याशी बोलणं टाकलं. बाजारात मात्र कुजबुज उठली — म्हातारी रात्री काय तळून खात असेल, भजी की शिरा? टवाळांना तेवढंच पुरतं. मी तिथं उभा असलो की मीही हसायचो. हो, हसलो आहे मी. सगळेच हसत होते.

त्या धुराड्याची दुरुस्ती अर्थात मलाच मिळाली. या खेपेला तुळई कापली, तोडा बसवला, हातभर अंतर राखलं. पुढच्या दोन वर्षांत उरलेली सहाही धुराडी काही ना काही सबब काढून उघडली. दोन घरांत तीच चूक होती, ती गुपचूप सुधारली. लोक म्हणाले, मिस्तरी न बोलावता येतो, बापाचा लेक शोभतो. त्याआधी मुलीच्या लग्नातच शेठजींनी माझ्या डोक्याला पागोटं बांधलं होतं.

शेठजींच्या घरी तोडा बसवत होतो तेव्हा एका दुपारी भुवा पाण्याचा तांब्या घेऊन आली. आता ती वरकाम करायची, धान्य निवडायची. तांब्या खाली ठेवून हळूच म्हणाली, "तुम्ही सांगतस ते खोटं कसं व्हई? मीच झोपमा चुल्हा पेटाडा व्हई. माले याद नही."

तिला माझ्यावर इतका विश्वास होता. स्वतःवर नव्हता तेवढा माझ्यावर. मी पाणी प्यायलो आणि तांब्या परत दिला.

त्या दिवसापासून ती एक वेळ जेवू लागली. न केलेल्या पापाचं प्रायश्चित्त. रात्री झोपेत उठू नये म्हणून पाय खाटेला बांधून निजते, असं त्यांच्या मोलकरणीनं माझ्या बायकोला सांगितलं. बायकोनं हसत हसत मला सांगितलं. मी जेवत होतो. जेवण पुरं केलं.

आगीनंतरच्याच वैशाखात बाप वारला. सुखानं वारला. त्याच्या मागे सगळा बाजार चालत आला, शेठजींनी खांदा दिला. आता तर काही अडचण नव्हती ना? मेलेल्या माणसाची अब्रू कोण काढतो? शेठजीला गाठून चार वाक्यं बोलायची होती. आज जाऊ, उद्या जाऊ. पोळा झाला, गणपती आले.

भादव्यात जैनांचे उपवासाचे दिवस संपतात, त्या दिवशी ती माणसं दारोदार जाऊन वर्षभरात ज्याचं ज्याचं मन दुखवलं असेल त्याची क्षमा मागतात. मी ओट्यावर बसून ओळंब्याची दोरी वळत होतो. भुवा आली. उपवासांनी वाळून गेली होती, भिंतीला धरून चालत होती. ओट्याखाली उभी राहिली आणि माझ्यासमोर — वयानं माझ्या आईएवढी बाई ती — तिनं हात जोडले.

"मिच्छामि दुक्कडम्, मिस्तरी. मन्हामुळे तुम्हना कामले बट्टा लागना. तुम्हना बापले जाता जाता ऐकनं पडनं. माले माफ करा."

गल्ली मोकळी होती. बाप नव्हता. ऐकायला दुसरं कुणी नव्हतं. तोंड उघडायला याहून सोपी वेळ कुठली मिळणार होती?

"जाऊ द्या भुवा," मी म्हणालो. "माफ कयं."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ती पुढच्या दाराला गेली.

गेल्या पावसाळ्यात भुवा गेली. तोवर दर भादव्यात ती माझ्या ओट्यापाशी आली, दर वर्षी तिनं हात जोडले, आणि दर वर्षी मी तिला माफ केलं.