फ्यूज ज्याच्या खिशात

वायरमनच्या खिशात काय काय साचतं ते त्याच्या बायकोला विचारा. तारेचे तुकडे, स्क्रू, अर्धी विडी, टेपचं भेंडोळं. किस्सेही तसेच साचतात, मुद्दाम कुणी ठेवत नाही. आमच्या कोल्हापूरच्या वायरमन युनियनचे निम्मे किस्से तर एकाच वस्तूचे. फ्यूज! मुठीत मावेल एवढा चिनी मातीचा पांढरा तुकडा. तो बोर्डातून उपसला की पुढची तार मेली, परत बसवला की जिवंत.

आधी मूळ सांगतो. त्यात हसण्यासारखं काही नाही.

स्वातंत्र्य मिळून दोनेक वर्षं झाली होती. आम्ही सगळे आण्णा काँट्रॅक्टरच्या कामावर. गुळाच्या एका अडतीत वायरिंग चाललेलं, व्यापारी घाई करत होता. आण्णांनी खालून हाक दिली, "झालं काय रं?" कुणीतरी "व्हय" म्हणालं. आण्णांनी मेन स्विच चालू केला. दत्तू अजून शिडीवर होता. तालमीत कमावलेला गडी, खाली आला तो गेलेलाच.

युनियननं काम बंद केलं. पाचव्या दिवशी आम्ही तालमीच्या कट्ट्यावर बसलो असताना आण्णा एकटेच आले. वकील नाही, मुकादम नाही. उभ्यानंच म्हणाले, "व्हय कोण म्हणालं ते मला शोधायचं न्हाय. स्विच मी दाबलाय. काय करू, सांगा."

आमचे म्होरके बापू मिस्त्री कट्ट्यावरून उतरून त्यांच्यासमोर आले. मग म्हणाले, "आजपासनं फ्यूज चढणाऱ्याच्या खिशात. तो उतरून सोता बसवंल तवाच लाईट. खाली मालक असू द्या, न्हायतर कलेक्टर! आणि शिडीवर युनियनचाच माणूस. पटत असंल तर इथनं पुढं मिळून काम करू."

"पटलं," आण्णा म्हणाले.

दत्तूचा धाकटा भाऊ शिवा, तोही वायरमनच, पाठ करून बसला होता. तो तसाच म्हणाला, "युनियन म्हणतीया म्हणून कामावर येतो. पन ह्या माणसाशी बोलणार न्हाय."

*

आणि नाहीच बोलला. सात वर्षं!

दोघं हातभर अंतरावर उभे असायचे आणि मधे मी. आण्णा मला म्हणायचे, "त्याला सांग, पट्टी वाकडी बसलीया." शिवा मला म्हणायचा, "यांना सांग, भिंतच वाकडी हाय."

एकदा मी वैतागलो. "अरं, मी काय टेलिफोन हाय काय?"

"गप रं!" दोघं एकदमच ओरडले. सात वर्षांत तेवढं एकच त्यांचं एकमत.

*

आमचा म्हादू. पेठेतल्या पिठाच्या गिरणीचं काम अर्धं झालं, आणि हा गडी तिन्ही फ्यूज खिशात घालून चैत्राच्या यात्रेला जोतिबावर गेला! गिरणी बंद. डबे घेऊन बायका दारात. गिरणीवाला तणतणत आण्णांच्या दुकानात आला.

"अवो, दुकानात फ्यूजचा ढीग पडलाय. दुसरे बसवा की!"

"म्हादू अजून उतरला न्हाय."

"अवो, तो डोंगरावर गेलाय!"

"मग तिथनं उतरंल की!" आण्णा म्हणाले.

शेवटी गिरणीवाला स्वतः जोतिबाला गेला आणि गर्दीतून म्हादूला हुडकून घेऊन आला. फ्यूज आले ते गुलालानं लालभडक. दोन दिवस पीठ जरा गुलाबीच पडलं, असं पेठेतल्या बायका अजून सांगतात.

*

आण्णांच्या थोरल्या पोरीचं लग्न. गोरज मुहूर्त, आणि ऐन वेळी मांडवातले दिवे गेले. शिवा फ्यूज खिशात टाकून शिडीवर चढला. इकडं व्याही तापले.

"अक्षता टाकायच्या वेळंला अंधार! लावा की लाईट!"

आण्णांनी हात जोडले. "पावणं, फ्यूज त्याच्या खिशात हाय. तो उतरला की लागंल."

"लग्न तुमच्या पोरीचं हाय का त्याच्या?"

"माझ्याच पोरीचं. पन शिडीवर तो हाय."

बत्तीच्या उजेडात अक्षता पडल्या. शेवटच्या पंगतीला शिवा माझ्या शेजारी बसला होता. आण्णा स्वतः वाढत होते. शिवा पत्रावळीत बघत मला म्हणाला, "यांना सांग, आमटीत मीठ कमी हाय." आण्णा मीठ आणायला अक्षरशः पळत गेले.

*

एकदा दिवेलागणीला आण्णांच्या घरी गेलो, तर ते अंधारात बसलेले. काकू देवळातून आल्या आणि त्यांनी दिवा लावला. मला दारापाशी नेऊन हळूच म्हणाल्या, "दत्तू गेल्यापासनं यांनी घरातलं बटनसुदीक दाबलं न्हाई. मी देवळात गेले तर असंच बसत्यात."

दुसऱ्या दिवशी मी ते शिवाला सांगितलं. तो तार सोलत राहिला. मग म्हणाला, "सात वर्षं?"

"सात वर्षं."

*

त्यानंतर महिनाभरानं वडगावच्या पलीकडं एका गावात गल्लीतल्या दिव्यांचं काम निघालं. शिवानं फ्यूज उपसला. खांबाशी आला. आणि खिशात घालायच्या ऐवजी त्यानं तो आण्णांच्या हातात ठेवला. तसाच खांबावर चढला.

आण्णांनी मूठ मिटली आणि खांबाकडं बघत उभे राहिले. ऊन रणरणत होतं. सरपंच चहाला बोलवायला आले, आण्णांनी मान हलवली. कुणी छत्री धरली, ती बाजूला केली. मी म्हटलं, "आण्णा, द्या माझ्याकडं. जरा बसा." तर म्हणाले, "न्हाय. माझ्याकडं दिलाय त्यानं."

दीड तासानं शिवा उतरला. घाम पुसला, आण्णांच्या समोर येऊन उभा राहिला. आण्णांनी हात पुढं केला, पण मूठ काही उघडेना. बोटं पांढरी पडलेली.

शिवा माझ्याकडं वळला. "यांना सांग..." म्हणाला, आणि थांबला.

मग त्यानं आण्णांचा हात आपल्या हातात घेतला आणि एकेक बोट सोडवत म्हणाला,

"सोडा, आण्णा. उतरलो मी."